सिम्स ४ मध्ये मॉड टाकावेत का? टाका, पण मैत्रिणीचा अख्खा फोल्डर नको

तुमचा प्रश्न असा आहे: दोन आठवड्यांपासून सिम्स ४ हा आभासी माणसांचं घर-संसार चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळताय, त्यातल्या एका कुटुंबात जीव गुंतलाय, आणि मैत्रिणीने तिचा तीनशे फाइलींचा मॉड्स फोल्डर पेन ड्राइव्हवर दिलाय. (मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली, गेममध्ये भर घालणारी किंवा बदल करणारी फाइल.) तो टाकावा का, आणि मॉडने गेम बिघडतो का?

मॉड जरूर वापरा. मी सहा वर्षं वापरतेय आणि आता त्यांच्याशिवाय खेळायची कल्पनाही करवत नाही. पण तो पेन ड्राइव्ह तसाच ठेवा.

आधी एक फरक लक्षात घ्या. आपण सगळ्यालाच ‘मॉड’ म्हणतो, पण केस, कपडे, सोफे, पडदे हे ‘सीसी’, म्हणजे कस्टम कंटेंट. त्याने सहसा फार काही बिघडत नाही. फाइल काढलीत तर ते केस घातलेली सिम, म्हणजे गेममधली व्यक्ती, टकली दिसते आणि तो सोफा घरातून नाहीसा होतो, एवढंच. हजारो फाइली साठल्या की गेम उघडायला वेळ लागतो, तेही सोसता येतं. खरी काळजी घ्यायची ती गेमचं वागणं बदलणाऱ्या मॉडची.

आणि खरी मजाही त्यातच आहे. हा गेम २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगती-दुडदुडती मुलंही नव्हती. ही मुलं आली ती जानेवारी २०१७ मध्ये. त्याहून मोठी उणीव शेजाऱ्यांची होती. आपल्या घरात तीन पिढ्या होऊन जायच्या, पण शेजारचे आपण हात लावल्याशिवाय लग्न करायचे नाहीत, त्यांना मुलं व्हायची नाहीत, नुसते म्हातारे होऊन मरायचे. ओळखीची घरं एकेक करून ओस पडत जायची. गेमने स्वतःहून यावर उपाय सुरू केला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये, ‘नेबरहूड स्टोरीज’ आणून. तोवर हे काम एमसी कमांड सेंटर नावाचा मॉड करत होता, आणि आजही जास्त बारकाईने करतो. मी तो टाकला आणि माझ्या सिमच्या बालमैत्रिणीला एक दिवस जुळी मुलं झाली. मी काहीही न करता! त्या दिवशी ते गाव मला पहिल्यांदा जिवंत वाटलं.

आता बिघडण्याबद्दल. मॉड मुळात वाईट असतो म्हणून काही बिघडत नाही, बिघडतं ते गेमचं अपडेट आल्यावर. बरेच मॉड गेमच्या एखाद्या मूळ फाइलच्या जागी स्वतःची बदललेली प्रत वापरायला लावतात. अपडेटमध्ये कंपनी त्या मूळ फाइलमध्ये काही नवं घालते, पण तुमच्याकडे चालते ती मॉडमधली जुनी प्रत. नव्या गोष्टीला तिथे जागाच नसते. म्हणून काल नीट चालणारा मॉड आज गोंधळ घालतो.

माझ्या पाचव्या पिढीच्या घरात हेच झालं. अपडेटनंतर खेळायला बसले. आजी फ्रिजसमोर उभी होती, मी फ्रिजवर क्लिक केलं तर मेनूच उघडेना. पलंगावर क्लिक केलं, तिथेही काही नाही. भुकेची पट्टी लाल होत चालली आणि ती जागच्या जागी उभी. मी गेम बंद करून फाइली तपासायला बसले. चौसष्ट होत्या. अर्ध्या बाहेर काढायच्या, गेम उघडायचा, फ्रिजवर क्लिक करायचं. मेनू आला तर दोष बाहेर काढलेल्या अर्ध्यांत, नाही आला तर उरलेल्यांत. मग त्याचे पुन्हा अर्धे. सहाव्या फेरीत सापडली ती एक छोटीशी फाइल, दोन वर्षांपूर्वी टाकून विसरून गेलेली. सुदैवाने त्या अवस्थेत मी सेव्ह केलं नव्हतं, म्हणून आजी वाचली.

म्हणूनच तीनशे फाइलींचा फोल्डर नको म्हणतेय. त्यातली कुठली फाइल काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही, कुठली जुनी झालीय हे कदाचित मैत्रिणीलाही सांगता येणार नाही, आणि काही बिघडलं तर कशावर संशय घ्यायचा तेच कळणार नाही. स्वतः एकेक करून टाकलेले दहा मॉड सांभाळता येतात.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ‘टीएस४स्क्रिप्ट’ प्रकारच्या फाइलींत पायथन भाषेतला कोड असतो आणि तो तुमच्या कॉम्प्युटरवर खरोखर चालतो, गेमपुरता मर्यादित राहीलच असं नाही. २०२४ मध्ये सिम्सच्या काही मॉडमध्ये माहिती चोरणारा कोड सापडला होता. म्हणून स्क्रिप्ट मॉड मूळ कर्त्याच्या पानावरूनच घ्या, हातोहात फिरलेली फाइल नको. साध्या ‘पॅकेज’ फाइलीत हा धोका नसतो.

टाकायच्या आधी डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स फोल्डरमध्ये जा, द सिम्स ४ उघडा आणि तिथला ‘सेव्ह्ज’ फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. गेम पुन्हा डाउनलोड करता येतो, तुमचं कुटुंब नाही. ‘मॉड्स’ फोल्डरही तिथेच आहे. त्यात नीटनेटकेपणासाठी उपफोल्डर करा, पण स्क्रिप्ट फाइल एकाहून जास्त पायऱ्या आत गेली तर गेमला दिसत नाही. मग गेमच्या सेटिंगमध्ये कस्टम कंटेंट आणि स्क्रिप्ट मॉड या दोन्हींवर टिक करून गेम बंद करून पुन्हा उघडा. अपडेट आलं की गेम हे टिक आपोआप काढतो. ते लगेच परत लावायची घाई करू नका. प्रत्येक मॉडच्या पानावर नवी आवृत्ती आलीय का ते आधी बघा, आणि तोवर दुसऱ्या एखाद्या सेव्हमध्ये मॉडशिवाय खेळा.

(प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळत असाल तर हा सगळा प्रश्नच मिटला, तिथे मॉड टाकता येत नाहीत.)

दोन आठवडे तसे थोडेच झाले. अजून महिनाभर गेम आहे तसा खेळा आणि कुठे चिडचिड होते ते बघत राहा. सिम सारखं पाणी पीत बसतात? गरोदरपण तीन दिवसांत उरकतं हे खटकतं? जे खटकेल त्यापुरताच मॉड शोधा. आणि मैत्रिणीला विचारा, तीनशेपैकी कुठल्या दोन मॉडशिवाय तिला खेळवत नाही. ती दोन नावं घ्या, ताज्या फाइली स्वतः उतरवा, आधी एक टाका, चार-पाच दिवस खेळून बघा, मग दुसरा.