वाचक विचारतात : आईची पुस्तिका, आजीची वाटी

प्रश्न : आईच्या वर्षश्राद्धाला नातवंडांसाठी छोटी पुस्तिका काढायची आहे. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. नातेवाइकांनी आठवणी पाठवल्या, पण सगळ्यांत ‘प्रेमळ, कष्टाळू’ एवढंच. काय करावं? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : ‘आई कशी होती?’ असं विचारलं की विशेषणंच हाती येतात. पाणी कुठून आणायची, दिवसाला किती खेपा, शेवटची भाकरी कुणाच्या ताटात जायची, असं विचारा. आणि एकेकट्याला गाठा. चारचौघांत थोरला बोलतो, बाकीचे माना डोलावतात.

सुरुवात मावशी किंवा आत्यापासून करा. तारखा विचारू नका, प्रसंगाला गाठ मारा. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७, पहाटे) तेव्हा आईच्या कडेवर कोण होतं? बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची का, तिथे खायला मिळणारी सुकडी घरी कोण आणायचं? लग्नानंतरचा पहिला धोंडा श्रावणात आला असं कुणी म्हणालं, तर साल जवळपास सापडलंच. अधिक श्रावण १९४७, १९५८, १९६६, १९७७ आणि १९८५ साली होता. कडेवरच्या मुलाचं वय ताडून त्यातलं एक निवडा.

आई शाळेत गेली असेल, तर माहेरच्या गावच्या शाळेतलं जनरल रजिस्टर बघा. शोधायचं ते माहेरच्या नावाने. सासरचं नाव तिथे मिळणार नाही. तारीख १ जून निघाली तर जपून! नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सर्रास तीच लिहीत. अशा वेळी ‘सुमारे’ लिहून साल द्यावं, ते जास्त खरं.

कुणाला तिच्या ओव्या येत असतील तर नुसतं ‘म्हणा’ म्हणून आठवत नाहीत, जात्याच्या खुंट्याला हात लागला की आठवतात. दळताना रेकॉर्ड करा, पण मोबाईल जात्याजवळ जमिनीवर ठेवू नका, घरघरीत शब्द बुडतात. शेजारी स्टुलावर, टॉवेलच्या घडीवर ठेवा. नंतर त्याच ओव्या जातं थांबवून एकदा म्हणवून घ्या.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढले की फाटतात. दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत चेहरे पुसट येतात. मागे नावं मऊ पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन नको.

पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. ए-फोरचे चार कागद दुमडले की १६ पानं होतात. अक्षर १४ पॉइंटचं घ्या, वाचणाऱ्यांत मावशीही आहे.

प्रश्न : आजीचा मसाला काकूला जमतो, पण सगळं ‘अंदाजाने’. माप कसं लिहू?

उत्तर : आधी आजीची वाटी मोजा. काट्यावर रिकामी ठेवून शून्य करा, मग काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलीलीटर. काकू मसाला करतील त्या दिवशी धणे, मिरची, खोबरं यांचे डबे आधी आणि नंतर तोला, फरक म्हणजे माप. त्यांना मध्येच थांबवून मूठ मोजायला लावलीत तर हात चुकतो. मिरची मात्र वाटीने लिहू नका. देठासकट की देठ काढून, लांब की आखूड, यावर वाटीतलं वजन बदलतं.