वर्किंग मेमरीत पीएचडी: इंग्लंडला यायच्या आधी

तू लिहिलंयस की पुण्यात मानसशास्त्रात एमए झालं, वर्किंग मेमरीवर, म्हणजे माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करायच्या क्षमतेवर, संशोधन करायचंय, इंग्लंडला यावं का, खर्च झेपेल का, आणि आईबाबा म्हणतात परत आल्यावर क्लिनिक टाकता येईल, ते खरं का. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे गैरसमज राहिला तर पुढचं सगळं चुकेल.

क्लिनिक नाही टाकता येणार. संशोधनातली पीएचडी म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, इथे एचसीपीसी या नियामक संस्थेची, आणि दोन्हीकडे त्यासाठी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे आईबाबांना आत्ताच नीट बसून सांग. मी सांगितलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत घरी गेले तर आत्याने शेजारच्या मुलाला आणून माझ्यासमोर बसवलं, "जरा बोल त्याच्याशी, दहावीपासून गप्प गप्प आहे." त्या मुलाच्या आईचा चेहरा अजून विसरले नाही.

आता विषयाचं. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांचं वर्किंग मेमरीचे वेगवेगळे भाग मानणारं १९७४ चं मॉडेल आणि २००० साली त्यात आलेला एपिसोडिक बफर, म्हणजे निरनिराळी माहिती एकत्र जोडणारा भाग, तुला पाठ असणार. पण इथे मुलाखतीत मॉडेल कुणी म्हणून घेत नाही. तुझा प्रश्न काय आहे, ते विचारतात. त्या दोघांनी काय केलं होतं ते बघ. माणसाला सहा आकडे डोक्यात धरायला लावले आणि त्याच वेळी तर्काची वाक्यं सोडवायला दिली. वेग मंदावला, पण काम कोलमडलं नाही. आकडे आणि तर्क एकाच कोठीत मावत असते तर ते कोलमडायलाच हवं होतं. इतका साधा प्रयोग आणि त्यावर पन्नास वर्षांचं संशोधन उभं आहे.

पहिल्या वर्षी मी यॉर्कशायरमधल्या एका प्राथमिक शाळेत बसायचे. वाचनालयाच्या कोपऱ्यात दोन बुटक्या खुर्च्या. समोर नऊ वर्षांचा मुलगा, आणि मी सेकंदाला एक या ठेक्यात आकडे वाचतेय. तो हनुवटी स्वेटरच्या गळ्यात खुपसून ओठ हलवत होता. पाच आकडे बरोबर सांगितले. मग त्याला ऐकता ऐकता मोठ्याने "ब्ला ब्ला ब्ला" म्हणत राहायला सांगितलं, तर तीनवरच अडकला. मनातल्या मनात घोकायची वाटच बंद झाली ना! हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण ते हलणारे ओठ बघितले तेव्हा कुठे कळलं.

म्हणून सांगते, विद्यापीठाचं नाव बघून अर्ज करू नकोस, गाइड बघून कर. केंब्रिजच्या चॉसर रोडवरचं एमआरसीचं (मेडिकल रिसर्च कौन्सिलचं) युनिट मोठंच आहे, यॉर्कला तर बॅडली आणि हिच दोघंही होते, पण आज तुझ्या प्रश्नावर कोण काम करतंय ते शोध. गेल्या पाच वर्षांतले त्यांचे पेपर वाच, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून सरळ विचार: मसुदा किती दिवसांत परत येतो, दर आठवड्याला भेट होते का. माझ्या ओळखीतल्या एकीला नामांकित गाइड मिळाला आणि चार महिन्यांत दोनदा भेटला. इंग्लंडचाच हट्टही धरू नकोस. याच विषयातले मोठे संशोधक बघ: नेल्सन कोवन अमेरिकेत मिझुरीला, क्लाउस ओबेराउअर झुरिकला. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, स्वित्झर्लंडमध्ये पीएचडी म्हणजे पगारी नोकरीच असते.

स्मरणशक्ती वाढवायच्या ट्रेनिंगचा प्रस्ताव मात्र लिहू नकोस. आपल्याकडून असे अर्ज फार येतात. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्वोग आणि ह्यूम या संशोधकांनी अशा ट्रेनिंगचे अभ्यास एकत्र तपासले. मुलं सरावाच्या खेळांत सुधारतात, पण ती सुधारणा गणितात किंवा वाचनात उतरल्याचा पुरावा काही सापडला नाही.

त्यापेक्षा आपल्या भाषेतला प्रश्न आण. वेल्समधला १९८० चा एक अभ्यास आहे, एलिस आणि हेनेली यांचा. वेल्श मुलांना त्यांच्या भाषेत कमी आकडे लक्षात राहायचे आणि चाचणीत ती मागे पडायची. खरं कारण हे की वेल्शमधले आकडे उच्चारायला वेळ जास्त लागतो. मुलं कुठेच कमी नव्हती. आता मराठीकडे बघ. कुणी फोन नंबर "अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस" असा जोड्यांनी सांगितला तर आठ आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नऊ. एकोणतीस ऐकलं की तिसातून एक वजा. शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द. मराठी शाळेतल्या मुलाच्या वर्किंग मेमरीवर याचा काय भार पडतो? आणि पाढे चालीत म्हटल्याने तो हलका होतो का? हा प्रश्न तुझ्याइतका आतून इथल्या कुणाला सुचणार नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

यायच्या आधी आर किंवा पायथन यांपैकी एक प्रोग्रामिंगची भाषा शिकच. माझ्या पहिल्या प्रयोगात यादीचा क्रम दर वेळी बदलायला हवा होता, तो बदलतच नव्हता. चाळीस जणांची माहिती फेकून द्यावी लागली, आणि शाळेला पुन्हा परवानगी मागताना घशाशी आवंढा आला होता.

पैशाचं. स्वतःच्या खर्चाने पीएचडीला येऊ नकोस, घर गहाण टाकून तर मुळीच नाही. यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या शिष्यवृत्तीचा किमान भत्ता २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होता, त्यावर प्राप्तिकर नाही. पण परदेशी विद्यार्थ्यांना साधारण ३० टक्क्यांपर्यंतच जागा, आणि परदेशी फीमधला फरक विद्यापीठ सोडतं का, ते आधीच लेखी विचारून घे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती तुला लागू होते का, तेही बघ. व्हिसाच्या वेळी इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, म्हणजे चार वर्षांचे तीन हजारांवर. शिष्यवृत्ती सुरू व्हायच्या आधी ही रक्कम हाताशी लागते. पीएचडीला नवऱ्याला सोबत आणता येतं, नंतर कामासाठी तीन वर्षांचा व्हिसाही मिळतो. नियम सारखे बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात सरकारी साइट पुन्हा बघ.

आणि पीएचडीनंतरचं कुणी सांगत नाही ते ऐक. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांचा करार, मग दुसरं गाव. मी आठ वर्षांत तीन शहरं बदलली. एका करारात तर प्रयोग अर्ध्यावर असताना निधी संपला. तेव्हा हे क्षेत्र सोडायचं जवळपास ठरवलं होतं. परतायचं असेल तर हैदराबाद विद्यापीठ, आयआयटी गांधीनगर, अलाहाबाद विद्यापीठाचं केंद्र, इथे कॉग्निटिव्ह सायन्सचं, म्हणजे मन आणि विचार कसे चालतात या शास्त्राचं, काम चालतं. तिथल्या लोकांशी पहिल्या वर्षापासून संपर्क ठेव.

ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी निधीच्या बऱ्याच मुदती आदल्या डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे गाइडला मेल दिवाळीच्या आधी जायला हवा. एका पानापेक्षा मोठा नको. त्यांचा एक पेपर, त्यात तुला पडलेला एक प्रश्न, आणि तू स्वतः केलेलं काम. मसुदा झाला की मला पाठव, शनिवारी वाचून ठेवीन.