वाचकांचे प्रश्न : चित्र आपले, मग हक्क कोणाचा?

प्रश्न : मी एका जाहिरातसंस्थेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व मुलांच्या पुस्तकांतील चित्रे काढते. नोकरी सोडून पूर्णवेळ स्वतंत्रपणे काम करावे, असे मनात आहे; परंतु एका अनुभवामुळे धीर होत नाही. एका मुखपृष्ठाचे मानधन सहा महिने मिळाले नाही, आणि तेच चित्र पुढे मला न विचारता दिनदर्शिकेवर छापले गेले. विचारणा केली तेव्हा ‘चित्राचे पैसे दिले आहेत ना?’ असे उत्तर मिळाले. नोकरी सोडण्यापूर्वी कोणती तयारी करावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी दिनदर्शिकेचे पाहू, कारण याबाबत बहुतेक चित्रकारांचा समज चुकीचा असतो. चित्र आपण काढले म्हणजे त्याचा कॉपीराइटही आपोआप आपलाच, असे आपण धरून चालतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये सर्वसाधारण नियम तसाच आहे. पण त्याच कलमात एक अपवादही आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र किंवा चित्र काढले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर ज्याने काम सांगितले तोच त्याच्या कॉपीराइटचा प्रथम मालक ठरतो. त्यामुळे काहीही लिहून न घेता केलेल्या मुखपृष्ठाबाबत आपली बाजू कमकुवत आहे, हे मला स्पष्टपणे सांगावे लागते. कलम ५७ मात्र आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी चित्रकार म्हणून आपल्या कर्तृत्वावरचा आपला दावा कायम राहतो, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड चित्रात झाली तर हरकत घेता येते. दिनदर्शिकेवर आपले नाव नसेल, तर निदान त्यासाठी पत्र अवश्य लिहावे.

अपवादातील ‘उलट काही ठरलेले नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यासाठी दहा पानी करार लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी पाठवलेला एक ईमेल आणि त्यावर संपादकांचे ‘मान्य आहे’ एवढे उत्तर हाती असले, तरी आपली बाजू पुष्कळ बळकट होते. मजकूर साधारण असा असावा :

‘मुखपृष्ठाच्या चित्राचे मानधन अमुक रुपये. हे चित्र या वर्षीच्या छापील अंकासाठी व त्याच्या जाहिरातीसाठी वापरता येईल. दिनदर्शिका, पुस्तक, ई-आवृत्ती किंवा अन्य वापरासाठी स्वतंत्र परवानगी व मानधन लागेल. कॉपीराइट व मूळ चित्र माझ्याकडे राहील. अंकात चित्रकार म्हणून नाव छापावे. कच्च्या रेखाटनावर दोनदा दुरुस्त्या करून देईन. पुढील दुरुस्त्यांचे मानधन वेगळे. निम्मी रक्कम रेखाटन मंजूर होताच आणि उरलेली अंतिम फाइल मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावी.’

असे पत्र पाठवल्याने संपादक दुखावतील आणि काम हातचे जाईल, ही भीती मी अनेक तरुण चित्रकारांकडून ऐकतो. चांगल्या संपादकालाही नेमके काय विकत घेतले हे माहीत असणे सोयीचे असते. आणि ‘कॉपीराइट माझ्याकडे’ एवढ्या वाक्यावरून जो काम काढून घेतो, त्याच्याकडून मानधन वेळेवर येण्याची आशाही कमीच असते.

आता उशिराविषयी. दिवाळी अंकांचे काम पावसाळ्यात येते, जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर होते आणि चित्रकाराचे मानधन त्याच्याही मागे राहते. यात दरवेळी लबाडी असते असे नाही. छोट्या अंकांची ओढाताण खरी असते; पण तिचा भार चित्रकाराने उचलावा, याला मात्र काहीही आधार नाही. नोकरी सोडण्याआधी केंद्र सरकारच्या पोर्टलवर सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यावसायिकालाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाची रक्कम ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. लेखी काही ठरले नसेल, तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसच मिळतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते, आणि तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषद आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशी रक्कम मुदतीत न दिल्यास ती प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट देणाऱ्याला प्राप्तिकरात मिळत नाही. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक लिहावा. परिषदेपर्यंत जाण्याची वेळ येण्याआधीच प्रकाशकाचा हिशेबनीस जागा होतो.

दर ठरवताना पगाराला तीसने भागू नये. घरखर्च दरमहा तीस हजार आणि संगणक, रंग, कागद, विमा यांसाठी सहा हजार धरले, आणि महिन्यातले बाराच दिवस पैसे देणाऱ्या कामाचे निघाले, कारण उरलेले भेटीगाठी, दुरुस्त्या व वसुलीत जातात, तर दिवसाचा दर तीन हजार होतो. तीन दिवसांच्या मुखपृष्ठाचे नऊ हजारांपेक्षा कमी मिळत असतील, तर ते काम आपण पदरमोड करून करत आहोत. ही उदाहरणादाखलची आकडेमोड आपल्या आकड्यांनी करून पाहावी. मानधनातून आधीच कापलेला कर (टीडीएस) आपल्या पॅनवर जमा झाला का, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासावे. जीएसटीची चिंता सध्या नको. महाराष्ट्रात सेवांसाठीची सर्वसाधारण नोंदणीमर्यादा वार्षिक वीस लाखांची आहे.

केवळ दिवाळी अंकांवर वर्ष निघणार नाही, हेही लक्षात असू द्यावे. चित्रकार दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांबरोबर स्वतःचा स्टुडिओ चालवला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. आपण अंक काढावा असे मी म्हणत नाही. परंतु बालपुस्तके आणि जाहिरातीची कामे यांतून जानेवारी ते मे हे महिने भरून निघतील, अशी दोन-तीन बांधलेली कामे हाती आल्यावर आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावरच राजीनामा द्यावा.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो. एका प्रकाशकांनी नमुना म्हणून वीस पाने विनामूल्य मागितली आहेत आणि एकरकमी मानधनावर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असे पत्र पाठवले आहे. सही करावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या स्वरूपात करू नये. वर सांगितलेला चित्रांचा अपवाद लेखनाला लागू नाही. स्वतंत्रपणे केलेल्या अनुवादाचे प्रथम मालक आपणच असता आणि हक्क देण्यासाठी आपल्या सहीचा लेख लागतो. म्हणजे घासाघीस करण्याची जागा आपल्याकडे आहे. हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण पत्रात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ असे लिहिले असेल, तर हे संरक्षण राहत नाही. मराठी छापील आवृत्तीचे हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावेत, ई-बुक व ऑडिओबुक वेगळे ठेवावेत, दुसऱ्या आवृत्तीपासून स्वामित्वधन (रॉयल्टी) मागावे आणि मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव असेल हे लिहून घ्यावे. मूळ लेखकाची लेखी परवानगी प्रकाशकांकडे आहे का, हेही पाहावे. नमुन्यासाठी दोन पाने पुरेशी आहेत. वीस पाने हवी असतील तर त्यांचे मानधन आधी ठरवावे आणि पुढे काम मिळाल्यास ते एकूण रकमेतून वळते करून घ्यावे.