अमूर बिबट्या तिसावरून शंभरावर कसा गेला? सातपुड्यात तसं जमेल का?

हो जमेल, पण आधी वणवा थांबवावा लागेल, कारण रशियात अमूर बिबट्या वाचला त्यात आग आटोक्यात आणण्याचा वाटा मोठा आहे. तिथे लोक खायचं नेचं जोमानं फुटावं म्हणून गवत पेटवून द्यायचे आणि दरवर्षी जळून जळून जंगलाचं माळरान व्हायचं, अशा उघड्यावर हा बिबट्या फिरकत नाही. 2007 च्या सुमारास जेमतेम 30 उरले होते. 2012 मध्ये चीनच्या सीमेलगत 'लँड ऑफ द लेपर्ड' नॅशनल पार्क झालं, सुमारे 2,600 चौ. किमी, गस्त वाढली, 2016 ला तर हायवेच बोगद्यातून नेला म्हणजे डोंगरावरून जनावरं बिनधास्त जावीत. ट्रॅप कॅमेऱ्याच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या) फोटोत ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखून मोजतात, त्यामुळे शंभराच्या वरचा आकडा अंदाजपंचे नाही. आपल्याकडे सातपुड्यात मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग बघता बघता डोंगर चढते. त्यापेक्षा झाडाखाली जाळी बांधली तर फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो, वनखात्यानं पाड्यापाड्यावर जाळ्या द्यायलाच पाहिजेत. फक्त एक, आपला बिबट्या अजून एवढा संकटात नाही, इथे खरी काळजी वाघाची, मेळघाटापासून जळगाव जिल्ह्यातल्या यावलपर्यंत झाडी सलग राहिली तरच त्याला इकडे यायला वाट आहे.