जुना प्रोसेसर आधी विकू नका

प्रश्न : ताई, माझ्याकडे बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे, त्यावर रायझन ५ २६०० बसवलेला आहे. व्हिडिओ एडिटिंगला तो अपुरा पडतोय, म्हणून रायझन ५ ५६०० घ्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो, दोन्ही एएम४ सॉकेटचे, म्हणजे बोर्डावरच्या एकाच प्रकारच्या खाचेत बसणारे आहेत, डोळे झाकून घे. जुन्याला गिऱ्हाईकही मिळालंय. देऊन टाकू का? – एक वाचक

उत्तर : थांबा, एवढ्यात देऊ नका. नवा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर बहुधा चालेल, पण तो चालता करायला जुनाच लागू शकतो.

हे कळकळीने सांगते, कारण मी स्वतः यात पोळले आहे. अशाच बोर्डावरचा जुना प्रोसेसर मी देऊन टाकला, नवा बसवला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर मात्र काळाच. तीन रात्री रॅमच्या जागा बदलल्या, केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा बसवलं. दोष यांतल्या कशातच नव्हता. बोर्डातलं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, नव्या प्रोसेसरच्या आधीचं होतं, त्याला तो ओळखताच येत नव्हता. बायोस अपडेट करायचं तर कॉम्प्युटर सुरू व्हायला हवा, आणि तो सुरू करणारा प्रोसेसर मी देऊन बसले होते. परत मागून आणला, तेव्हा अर्ध्या तासात काम झालं.

बी४५० बोर्ड २०१८ चे, ५६०० आला २०२२ मध्ये. मधल्या काळात बरंच घडलं. मे २०२० मध्ये रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने आधी सांगितलं होतं की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत. बायोसच्या चिपमध्ये इतक्या पिढ्यांची माहिती मावत नाही, हे त्यामागचं एक कारण. ग्राहकांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात निर्णय फिरवला गेला. जागेची अडचण मात्र खरीच होती. म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून अगदी जुन्या प्रोसेसरना वगळलेलं असतं. अपडेटबरोबरची सूचना शेवटपर्यंत वाचा.

सॉकेट जुळलं म्हणजे सगळं जुळलं, हा समज इंटेलच्या बाबतीतही फसवतो. सहाव्या-सातव्या पिढीचं सॉकेट एलजीए ११५१, आठव्या-नवव्याचंही ११५१. प्रोसेसर खाचेत नीट बसतो, पण सातव्या पिढीचा प्रोसेसर आठव्या-नवव्या पिढीसाठीच्या ३०० मालिकेच्या चिपसेटवर चालत नाही.

तेव्हा विश्वास ठेवायचा तो बोर्डाच्या कंपनीने दिलेल्या प्रोसेसर सपोर्ट यादीवर. बोर्डाचं पूर्ण नाव आणि त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक पाहा. नाव तेच, रिव्हिजन वेगळं, तर बायोसची फाइलही वेगळी असू शकते. यादीत ५६०० शोधा, त्यापुढे किमान कोणतं बायोस हवं ते लिहिलेलं असतं. तुमचं सध्याचं बायोस विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये दिसेल. ते जुनं निघालं, तर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन बायोसच्या मेनूतूनच अपडेट करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस असेल तर जरूर लावा. प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करणारं बटण काही बोर्डांवर असतं. तुमच्यावर असेलच असं धरून चालू नका.

विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, प्रोसेसर बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते.

विजेची काळजी नको, दोन्ही ६५ वॉटचे. डीडीआर४ रॅमही तीच चालेल. ग्राफिक्स कार्ड मात्र विकू नका. २६०० प्रमाणेच ५६०० मध्येही अंगचे ग्राफिक्स नाहीत.

कूलर काढताना घाई नको. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट कोमट होऊ द्या, मग तो पूर्ण बंद करून वायर काढा आणि कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ ओढलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. एएम४ च्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, त्या वाकतात. वाकलेल्या पिनांचा प्रोसेसर तुमचं गिऱ्हाईक घेणार नाही.

बोर्डाचं नेमकं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. रिव्हिजनसकट कळवलंत तर कोणतं बायोस घ्यायचं ते यादीत बघून सांगते.