गोल्फची वेज घ्यायच्या आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट बघ

अरे, एकदम तीन वेज (म्हणजे जवळच्या, उंच शॉटच्या गोल्फ स्टिक) घेऊ नकोस, थांब जरा. आधी तुझ्या सेटमधल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे स्टिकच्या तोंडाचा तिरकेपणा, किती आहे ते बघ; तो जितका जास्त तितका बॉल उंच पण कमी लांब जातो. हल्लीच्या सेटमध्ये तो ४३-४५ डिग्री असतो, आणि सँड वेज ५६ ची, म्हणजे मधे मोठ्ठं भगदाड. ९० यार्डावर बॉल असला की कुठली काढू हेच कळत नाही, मग माणूस पिचिंग वेज अर्धवट मारतो आणि बॉल बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात. मी पहिलं वर्षभर हेच केलं.

म्हणून एवढंच कर:
- प्रत्येक वेजने प्रॅक्टिस रेंजवर १५-२० बॉल मार, सगळ्यात लांब गेलेला नाही, सरासरी कॅरी (बॉल हवेतून जातो तेवढं अंतर) लिहून ठेव
- दोन वेजमध्ये ४ ते ६ डिग्री, साधारण १०-१५ यार्ड फरक ठेव; पिचिंग ४५ असेल तर ५० आणि ५५ झकास

६० ची लॉब वेज आत्ता नकोच, टीव्हीवर बघून सगळे तीच आधी घेतात. आणि बाउन्स (वेजच्या तळाचा कोन) मध्यम घे, १० डिग्रीच्या आसपास, पुण्यात पावसाळ्यात जमीन मऊ होते तेव्हा कमी बाउन्सची वेज रुतते. ग्राइंड (तळ घासून दिलेला आकार) वगैरे नंतर बघू, रविवारी येरवड्याला गोल्फ कोर्सवर येतोस का, माझी ५० ची मारून बघ.