वेदनेने ओरडलात, यात तुमचे काय चुकले?

प्रिय भगिनी,

पित्ताशयातील खड्यांमुळे तुमच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज आली, संसर्ग पसरला, तुम्हाला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले आणि घरी येऊन आता चार महिने झाले, असे तुम्ही लिहिता. रिपोर्ट चांगले आहेत, पण रात्री मॉनिटरचा आवाज कानात घुमतो, पोटात जराशी कळ आली तरी हातपाय गार पडतात आणि सासूबाई चारचौघांत म्हणतात, "दोन बाळंतपणे निभावली, आणि पोटदुखीला एवढा आरडाओरडा!" आपण इतक्या दुबळ्या कशा निघालो, असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही दुबळ्या मुळीच नाही. स्वादुपिंडात तयार होणारे पाचक रस एरवी आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागतात. खड्याने त्यांची वाट अडवली, की ते ग्रंथीतच जागे होतात आणि तिच्याच पेशी जाळू लागतात. जठराच्या मागे असलेल्या या ग्रंथीची कळ थेट पाठीत जाते, त्यामुळे रुग्णाला उताणे पडवत नाही, तो गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो. बाळंतपणाच्या कळांमध्ये निदान श्वास घेण्यापुरती उसंत मिळते. ही वेदना तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस ओसरत नाही आणि ती शमवण्यासाठी डॉक्टरांना अनेकदा अफूवर्गीय औषधे द्यावी लागतात. अशा वेळी माणूस ओरडतोच. (हा आजार दारूनेच होतो, असे कुणी कुजबुजत असेल तर त्यांना खड्यांचा रिपोर्ट दाखवा; खडे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.)

नर्स सलाइनमधून विष देत आहे असे वाटून तुम्ही नळ्या ओढल्यात, याची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटते. संसर्ग, गुंगीची औषधे आणि दिवसरात्र जळणारे दिवे यांमुळे अतिदक्षता विभागातील कितीतरी रुग्णांना असा भ्रम होतो. तो तुमचा स्वभाव नव्हता. घरी आल्यानंतरची भीती, झोपमोड, विसराळूपणा आणि अशक्तपणा यांनाही वैद्यकशास्त्रात 'पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असे नाव आहे आणि त्यावर उपचार होतात. स्कँडिनेव्हियातील अनेक रुग्णालयांत परिचारिका आणि नातेवाईक रुग्णासाठी अतिदक्षता विभागातल्या दिवसांची रोजची डायरी लिहून ठेवतात, म्हणजे तेव्हा खरोखर काय घडले ते त्याला नंतर वाचता येते. तुमच्याकडे ती नाही, म्हणून डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून यजमानांकडून एकेका दिवसाची हकिकत ऐका आणि वहीत उतरवा. आठवणीतली विषाची बाटली प्रत्यक्षात कोणते प्रतिजैविक होते, हे कळले की भीतीचा जोर कमी होऊ शकतो. शिवाय मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

पित्ताशय काढले की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. काढले नसेल तर शस्त्रक्रिया केव्हा करायची, हे सर्जनना येत्या भेटीतच विचारा, कारण खडे राहिले तर हा झटका पुन्हा येऊ शकतो. पाठीत जाणारी न थांबणारी कळ, ताप, सततच्या उलट्या किंवा डोळ्यांत पिवळेपणा, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

सासूबाईंशी याविषयी मात्र तुम्ही बोलू नका, ते काम यजमानांचे आहे. सुनेला तसे तडफडताना पाहून त्याही हादरल्या असतील आणि त्या भीतीपायी असे बोलत असतील. तरीही चारचौघांतले ते बोलणे थांबले पाहिजे, आणि हे त्यांना मुलानेच, याच आठवड्यात, स्पष्ट शब्दांत सांगावे.